ट्रॅक्टर आपला, किल्ली कोणाची?



माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतच्या कोरडवाहू पट्ट्यात सध्या पारावर, बाजारात आणि ट्रॅक्टरच्या शोरूमबाहेर एक वाद हमखास ऐकू येतो. जुन्या लोखंडी पंपाचे इंजिन चांगले की नवे कॉम्प्युटरचे? एक म्हणतो, जुने ते सोने. पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर असला की झाडाखाली दुरुस्त होते. दुसरा म्हणतो, जग कुठे चालले आहे आणि आपण अजून हँडल मारतोय. नवे इंजिन डिझेल कमी पिते, धूर करत नाही, ओढ जास्त देते.

दोघेही खरेच बोलतात. पण भांडण चुकीच्या बांधावर चालले आहे. इंजिन किती वर्षांपूर्वीच्या पद्धतीचे आहे, याने शेतकऱ्याचे काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. बिघडते ते इंजिन बंद पडल्यावर. ते पुन्हा सुरू करायचे ज्ञान, हत्यार आणि परवानगी कोणाच्या हातात आहे, एवढाच खरा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न बागायतदारापेक्षा कोरडवाहूवाल्याच्या जिवाशी जास्त आहे. तो कसा, हे हिशेब मांडून पाहू.

दोन इंजिने, दोन रीती

आधी फरक नीट समजून घेऊ, कारण शोरूममध्ये तो कोणी समजावून सांगत नाही. तिथे रंग, सीट आणि हप्ता यावरच बोलणे संपते.

जुन्या इंजिनात डिझेल कधी सोडायचे आणि किती सोडायचे, हे लोखंडी पंप ठरवतो. इंजिनच्या दातेरी चाकांवर तो फिरतो. आतला कॅम प्लंजर दाबतो, डिझेल नळीतून नोझलकडे जाते, साधारण २०० बार दाबाला नोझलची स्प्रिंग उचलते आणि फवारा उडतो. नांगर खोल गेला, ओझे वाढले, फेरे कमी झाले की गव्हर्नरची फिरती वजने आत येतात आणि पंप जास्त डिझेल सोडतो. सगळा कारभार चाके, स्प्रिंगा आणि वजने यांचा. जर्मनीत बॉश कंपनीने असे पंप १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर काढले. आपल्याकडे तीच कंपनी १९५१ साली बंगळूरला मायको या नावाने आली आणि आपले मेस्त्री आजही 'मायको पंप' असेच म्हणतात. अशा ट्रॅक्टरची बॅटरी उतरली तर चार माणसे लावून उतारावर ढकलला की गुरगुरतो. एअर धरली तर नळीचा नट ढिला करून एअर काढायची, हे दहावी नापास पोरालाही येते.

नव्या इंजिनाला कॉमन रेल म्हणतात. यात एक पंप डिझेल एका जाड नळीत दाबून भरून ठेवतो आणि तो दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमधली हवा एक-दीड बारची असते, त्यावरून अंदाज करा. नोझल उघडायचे काम स्प्रिंगवर सोडलेले नाही. ते विजेवर होते. कधी उघडायचे हे कंट्रोल युनिट ठरवते. मेस्त्री लोक त्याला ईसीएम म्हणतात. क्रँक किती फिरला, पाणी किती तापले, रेलमध्ये दाब किती, ॲक्सिलरेटर किती दाबला, हे सगळे सेन्सर त्या डबीला कळवतात आणि डबी एका स्फोटासाठी दोन-तीन वेळा थोडे थोडे डिझेल सोडते. मोटारीत ही पद्धत १९९७ पासून बाजारात आली, मग ट्रक, जेसीबी आणि आता ट्रॅक्टर.

या नव्या पद्धतीचे फायदे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. डिझेल बारीक फवारले जाते म्हणून नीट जळते. कमी फेऱ्यांत ओढ चांगली मिळते. थंडीत पहाटे पटकन सुरू होते. आणि धूर कमी. धुराची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या वस्तूंच्या यादीत पहिल्या गटात घातला. मळणी मशीनला ट्रॅक्टर जोडून दिवसभर त्या धुरात आपलीच माणसे उभी असतात. सुपे धरणाऱ्या बायका आपल्याच घरच्या असतात. तेव्हा 'धूर म्हणजे शहरवाल्यांची चिंता' असे म्हणणाऱ्याने एक दिवस मळणीवर उभे राहून पाहावे.

कायदा कुठवर आला

हे बदल कंपन्यांनी हौसेने केले असे नाही. सरकारने धुराचे नियम कडक केले म्हणून झाले. शेतीच्या ट्रॅक्टरांसाठी हे टप्पे 'ट्रेम' या नावाने ओळखले जातात. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम ४ लागू झाला. त्याची पहिली तारीख ऑक्टोबर २०२० होती. ती ढकलत ढकलत तिथवर आली. जेसीबी वगैरे बांधकामाच्या यंत्रांना तो टप्पा एप्रिल २०२१ लाच लागला. पुढचा टप्पा ट्रेम ५. त्याची तारीख १ एप्रिल २०२४ ठरवली होती, ती बदलून १ एप्रिल २०२६ केली गेली. देशात खपणारे बहुतेक ट्रॅक्टर ५० एचपीच्या आतले आहेत आणि या पुढच्या टप्प्याचा रोख त्यांच्यावरही आहे. म्हणजे आज जो वाद मोठ्या ट्रॅक्टरवाल्यांचा वाटतो, तो उद्या पाच-दहा एकरवाल्याच्या दारात येणार.

तारखा पुढे ढकलल्या त्या का? कारखान्यांना तयारीला वेळ हवा होता. चांगले आहे, त्यांना वेळ मिळाला. पण जतच्या, म्हसवडच्या, दहिवडीच्या मेस्त्रीला तयारीला वेळ लागेल, त्याला हत्यार लागेल, शिक्षण लागेल, याचा विचार या तारखा ठरवताना कोणी केला? कारखाना तयार झाला की देश तयार झाला, असे दिल्लीला वाटते. शिवारातले यंत्र कारखान्यात चालत नाही, शिवारात चालते.

वाफशाचा हिशेब

आता हिशेब. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत.

एक कोरडवाहू शेतकरी धरा. स्वतःच्या शेतापुरता ट्रॅक्टर चालवतो, वर्षाला २०० तास. तासाला ४ लिटर डिझेल धरले तर ८०० लिटर झाले. नव्या इंजिनाने त्यात दहा टक्के बचत होते असे मानू. म्हणजे ८० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाला ७,२०० रुपये वाचले.

दुसरीकडे रब्बी ज्वारी पाहा. आपल्याकडे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणीचा काळ. परतीचा पाऊस पडतो, जमिनीला वाफसा येतो आणि तीन-चार दिवसांत वरची ओल उडायला लागते. त्या तीन-चार दिवसांत पाभर चालली पाहिजे. कापूसवाल्याची गत वेगळी नाही; जूनच्या पावसावर सरी पडली नाही तर लावण पुढे जाते, आणि पुढे गेलेली लावण बोंडाच्या वेळी ओल शोधत बसते. आता समजा, नेमक्या वाफशाला ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिनाने स्वतःहून ताकद कमी केली. मेस्त्री आला, त्याने बॉनेट उघडले आणि हात वर केले, कारण बिघाडाचा कोड वाचायचा स्कॅनर त्याच्याकडे नाही. कंपनीचा माणूस तालुक्याहून नाही, जिल्ह्याहून यायचा. तो चौथ्या दिवशी आला. एका सेन्सरचा जोड सुटला होता, तो त्याने पाच मिनिटांत बसवला.

पाच एकर ज्वारी उशिरा पेरली गेली. एकरी चार क्विंटल येणार होती, त्यातली चौथाई गेली म्हणू. पाच क्विंटल ज्वारी गेली. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा जाहीर हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे. तो हातात पडतो का, हा वेगळा प्रश्न, पण सरकारच्याच भावाने मोजले तरी १८,७४५ रुपये झाले. शिवाय कडबा गेला आणि कडब्यावर बसलेली जनावरे उपाशी राहिली ती निराळी. अडीच वर्षांची डिझेलची बचत एका सुटलेल्या जोडाने चार दिवसांत खाल्ली.

हाच हिशेब बागायतदाराला लावा. त्याचा ट्रॅक्टर चार दिवस बंद पडला तर तो पाणी सोडतो, पुन्हा वाफसा आणतो आणि पाचव्या दिवशी पेरतो. टेंभू-म्हैसाळचे पाणी ज्या गावांना पोचले, तिथे आता असेच होते. भाड्याने ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा हिशेब आणखी वेगळा. तो वर्षाला हजार तास चालवतो, तासाला ५ लिटर धरले तर ५,००० लिटर डिझेल जाळतो. दहा टक्के म्हणजे ५०० लिटर, ४५,००० रुपये वाचतात. त्याने नवे इंजिन घेतले तर त्याला वेड्यात काढू नका. मात्र त्यालाही हंगामात बंद पडलेला दिवस परवडत नाही, कारण काम थांबते आणि हप्ता थांबत नाही. कर्ज काढून जेसीबी घेतलेल्या आपल्या पोरांना हे कोणी शिकवायला नको.

म्हणून कोरडवाहू शेतकरी नव्या यंत्राला बिचकतो तेव्हा त्याला अडाणी म्हणू नये. कंपनीच्या पत्रकात लिटरचा हिशेब असतो. शेतकऱ्याच्या डोक्यात वाफशाचा असतो. दोन्ही हिशेब मांडल्याशिवाय कोणते इंजिन स्वस्त आणि कोणते महाग हे ठरत नाही.

आपल्या मातीतला इतिहास

नव्या यंत्राला घाबरणारा हा मुलूख नाही. १९१० साली कुंडलजवळच्या औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन बिघडते अशी समजूत तेव्हा घट्ट होती; नांगर खपायला फार दिवस लागले. पण शेतकऱ्याने तो चालवून पाहिला, खोल जातो हे पाहिले आणि घेतला. साताऱ्याजवळ सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी नांगराचा कारखाना काढला आणि १९३० च्या दशकात तिथे डिझेल इंजिन तयार झाले. देशातल्या अगदी पहिल्या डिझेल इंजिनांत त्याची गणना होते. हेच कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान (प्रीमियर) झाले. पुढे १९४६ साली किर्लोस्करांची ऑइल इंजिनची कंपनी पुण्यात खडकीला निघाली आणि विहिरीविहिरींवर इंजिनांचा आवाज घुमू लागला. ती जाडजूड इंजिने विजेची मोटर येईपर्यंत मोटेच्या बैलांना सुट्टी देत राहिली.

हे नांगर आणि ही इंजिने शेतकऱ्याने का स्वीकारली? ती चांगली होती म्हणून, हे एक कारण. दुसरे कारण कोणी सांगत नाही. नांगराचा फाळ झिजला तर फाळ तेवढा बदलता येत होता आणि गावचा लोहार त्याला पाणी देऊ शकत होता. इंजिनाचे लायनर-पिस्टन गेले तर सांगलीत, कराडला, विट्याला मिळत होते. सांगली-कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतकाम होत होते, राजकोटहून सुटे भाग येत होते. कंपनीचा भाग महाग वाटला तर दुसऱ्याचा घ्यायचा. कारखान्याने यंत्र विकले की त्याचा यंत्रावरचा हक्क संपत होता. यंत्र शेतकऱ्याचे होत होते, मेस्त्रीचे होत होते, गावाचे होत होते. नवे तंत्रज्ञान गावात रुजते ते असे.

एचएमटीच्या ट्रॅक्टरचे उदाहरण ताजे आहे. पिंजोरचा तो सरकारी कारखाना बंद करायचा निर्णय केंद्राने २०१६ साली घेतला. कारखाना गेला, पण एचएमटीचे ट्रॅक्टर अजून शिवारात चालतात. कारण त्यांचे भाग कोणीही बनवू शकतो, कोणीही बसवू शकतो, आणि त्याला कोणाचा पासवर्ड लागत नाही. आता विचार करा. आज घेतलेल्या कॉम्प्युटरच्या ट्रॅक्टरची कंपनी पंधरा वर्षांनी बंद पडली, विकली गेली किंवा तिने ते मॉडेल सोडून दिले, तर त्याचा ईसीएम कोण देणार? त्यातला प्रोग्राम कोण भरणार? इंजिन धडधाकट, गिअरबॉक्स धडधाकट आणि तळहाताएवढ्या डबीपायी सात-आठ लाखांचे यंत्र भंगारात. वाडवडिलांच्या जमिनीचा सातबारा आपल्या नावे आणि वहिवाट दुसऱ्याची, अशातली ही गत.

किल्ली दडवणे हा धंदा

'नवे यंत्र गुंतागुंतीचे आहे, म्हणून फक्त कंपनीच दुरुस्त करू शकते,' असे सांगितले जाते. हे अर्धेच खरे. कॉमन रेलची दुरुस्ती शिकायला वेळ लागतो हे खरे. पण जो गावात राहून मोबाइल उघडून दुरुस्त करतो, तो पोरगा सेन्सर तपासू शकत नाही? बिघाड कुठे आहे हे ते यंत्र स्वतःच कोड देऊन सांगत असते. जुन्या इंजिनात बिघाड शोधायला मेस्त्रीला कान लागायचा, अनुभव लागायचा. नव्या इंजिनात तो शोधणे उलट सोपे व्हायला हवे होते. अवघड झाले आहे कारण कोड वाचायचा स्कॅनर, वायरिंगचा नकाशा आणि सुटे भाग खुल्या बाजारात नाहीत. ही अडचण यंत्राची नाही, ती कुलपाची आहे. आणि कुलूप माणसाने लावलेले आहे.

याचा निवाडा आपल्या देशात एकदा झालेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांवर दंड ठोठावला. कारण हेच: सुटे भाग आणि तपासणीची हत्यारे खुल्या बाजारात न देता या कंपन्यांनी बाहेरच्या गॅरेजवाल्यांना अडवले होते. दंडाच्या रकमेवर पुढे अपिले झाली, पण तत्त्व स्पष्ट झाले. गाडी विकून झाल्यावर दुरुस्तीची मक्तेदारी ठेवता येत नाही. मोटारवाल्याला जे तत्त्व लागू, ते ट्रॅक्टरवाल्याला का नको?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक समिती नेमली. तिने ज्या चार क्षेत्रांकडे पाहायचे ठरवले त्यात शेतीची अवजारे होती. त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टल सुरू झाले, तिथे कंपन्यांनी माहिती टाकावी अशी अपेक्षा. पण पोर्टल म्हणजे कायद्याची सक्ती नव्हे. अपेक्षेवर पाभर चालत नाही.

अमेरिकेतला शेतकरी आपल्यापेक्षा शंभरपट जमिनीचा धनी असेल, पण या बाबतीत त्याचीही मान याच जूखाली आहे. तिथे कॉम्प्युटरच्या ट्रॅक्टरला वैतागून शेतकरी चाळीस वर्षांपूर्वीचे ट्रॅक्टर लिलावात चढ्या भावाने घेऊ लागले. तिथल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला, तो जानेवारी २०२४ पासून लागू झाला: शेतीयंत्राच्या कंपनीने दुरुस्तीची माहिती, हत्यारे, सुटे भाग आणि प्रोग्राम शेतकऱ्याला व बाहेरच्या मेस्त्रीला दिलेच पाहिजेत. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीवर याच मुद्द्यावरून खटला भरला. जगातला सर्वात श्रीमंत शेतकरी ज्यासाठी भांडतो, ते मागायला आपण लाजायचे कारण नाही.

कोणी म्हणेल, सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, आता आणखी काय हवे? कर कमी झाला ते योग्यच झाले. शेतीच्या साधनावर कर घेणेच मुळात चूक होती. पण स्वस्तात घेतलेले यंत्र वाफशाला उभे राहिले तर ती स्वस्ताई कुठे मोजायची? घेताना दिलेली सवलत दुरुस्तीत दामदुप्पट वसूल होणार असेल, तर ती सवलत कोणाला मिळाली?

तोवर आपण काय करायचे

मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे.

घेताना पाहा. ट्रॅक्टर स्वतःच्या कोरडवाहू शेतापुरता, वर्षाला दोन-तीनशे तासांचा असेल, तर ५० एचपीच्या आतले लोखंडी पंपाचे मॉडेल मिळते तोवर तेच परवडते. भाड्याचा धंदा असेल, तास भरपूर असतील, तर नव्याचा विचार करा, पण सही करण्यापूर्वी विक्रेत्याला चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. तालुक्यात स्कॅनरवाला माणूस आहे का? हंगामात किती तासांत येणार? ईसीएम आणि नोझलची किंमत काय? वॉरंटी संपल्यावर स्कॅनर बाहेरच्या मेस्त्रीला वापरता येईल का?

जुना ट्रॅक्टर असेल तर तो धूर ओकत चालवू नका. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, म्हणजे आपलाच पैसा आकाशात. आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल तपासून घ्या, पंप कॅलिब्रेशनला द्या. जुने इंजिन ठेवायचे असेल तर ते नीट ठेवण्याची जबाबदारीही आपली.

नवे इंजिन घेतलेच असेल तर जुन्या सवयी सोडा. इंजिन चालू असताना नळीचा नट ढिला करून नोझल तपासायची सवय कॉमन रेलला जीवघेणी आहे. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते. अशी जखम बारीक दिसली तरी घरी न थांबता दवाखाना गाठा. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या वायरी सोडा आणि ईसीएमबाबत कंपनीच्या पुस्तकात काय लिहिले आहे ते पाळा, नाहीतर डबी जळते. ड्रममध्ये साठवलेले, पाणी धरलेले डिझेल घालू नका आणि फिल्टरमधले पाणी वेळच्या वेळी काढा. जुना पंप थोडी घाण सोसायचा, नवा सोसत नाही. वायरिंगच्या जोडांवर प्रेशरने पाणी मारू नका. शेडमध्ये उंदीर होऊ देऊ नका. पूर्वी ते कणगी खायचे, आता वायरी कुरतडून ट्रॅक्टर बंद पाडतात. आणि सायलेन्सरमध्ये काजळीची जाळी असलेला ट्रॅक्टर ती काजळी जाळताना आत फार तापतो. तो कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळल्या पाचटात उभा करू नका.

शेवटची गोष्ट, एकट्याने करायची नाही. एकट्या मेस्त्रीला स्कॅनर परवडत नसेल, पण पाच-दहा गावांनी मिळून, किंवा जिथे शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी आहे तिने तो घ्यायला काय हरकत आहे? गावातल्या दोन पोरांना शिकायला पाठवा. मळणी मशीन सामाईक घेता येते, तर स्कॅनर का नाही?

मागणी कशाची करायची

या जिल्हा बैठकीत चर्चा करून ठराव व्हावा असे काही मुद्दे पुढे ठेवतो.

पहिला, कॉम्प्युटर असलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरसोबत बिघाडाच्या कोडचे पुस्तक मराठीत मिळाले पाहिजे आणि कोड डॅशबोर्डवर वाचता आला पाहिजे.

दुसरा, स्कॅनर, वायरिंगचा नकाशा आणि सुटे भाग कोणत्याही मेस्त्रीला वाजवी किमतीत खुल्या बाजारात मिळाले पाहिजेत. हे कायद्याने सक्तीचे करावे, पोर्टलच्या भरवशावर सोडू नये.

तिसरा, धुराशी संबंधित एखादा सेन्सर बिघडला म्हणून पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहता कामा नये. दिवा लागू दे, ताकद थोडी कमी होऊ दे, पण पाभर ओढण्याइतका तो चालला पाहिजे.

चौथा, मॉडेल बंद केले तरी पुढे पंधरा वर्षे ईसीएम आणि नोझल पुरवण्याची हमी कंपनीने द्यावी. कंपनीच बंद होणार असेल तर प्रोग्राम खुला करावा.

पाचवा, तालुक्याच्या आयटीआयमध्ये डिझेल आणि ट्रॅक्टर मेकॅनिकचे वर्ग चालतात, तिथे शिकायला खरे कॉमन रेल इंजिन आणि स्कॅनर द्यावा. फळ्यावर काढलेल्या चित्राने मेस्त्री तयार होत नाही.

सहावा, लहान ट्रॅक्टरांना नवा नियम लावण्याची तारीख कारखान्याच्या तयारीवर ठरवू नये. त्या तालुक्यात दुरुस्तीची सोय झाली आहे की नाही, हे पाहून ठरवावी.

यात अनुदान नाही, कर्जमाफी नाही, कोणाची मेहेरबानी नाही. विकत घेतलेल्या वस्तूची किल्ली मागतो आहोत. नवे तंत्रज्ञान येऊ द्या, जितके येईल तितके येऊ द्या. शेतकऱ्याला ते हवेच आहे. मात्र त्यासोबत दुरुस्तीचे स्वातंत्र्य आले पाहिजे. ते नसेल तर ट्रॅक्टरवर मालक म्हणून नाव आपले आणि हुकूम दुसऱ्याचा. लायसन्स-परमिटच्या काळात ट्रॅक्टर मिळवायला नंबर लावून थांबावे लागत होते. आता ट्रॅक्टर लगेच मिळतो आणि तो दुरुस्त करायला नंबर लावावा लागतो. रांग तीच राहिली, फक्त दार बदलले.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक माहिती आणावी: आपल्या गावात किती ट्रॅक्टर आहेत, त्यातले कॉम्प्युटरचे किती, आणि गेल्या हंगामात कोणता किती दिवस उभा राहिला. गावोगावचे आकडे एकत्र आले की बोलायला बळ येते. वाफसा आपल्यासाठी थांबत नाही. आपण तरी कोणासाठी थांबायचे?